मनोरा डावीकडे

मी आयुष्यात दोनदाच मोठं खोटं बोललो आणि दोन्ही वेळा एकाच शब्दात काम भागवलं. लांबलचक थाप मारायला जी प्रतिभा लागते ती माझ्याकडे नाही. पहिल्या शब्दाने मला मस्कतमध्ये नोकरी मिळाली. दुसऱ्या शब्दाने मी एका प्रामाणिक मुलीला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. पहिल्याबद्दल मला फारशी लाज वाटत नाही, खरं सांगायचं तर. दुसऱ्याबद्दल आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

सुरुवात पुण्यात झाली. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी तिथे आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला होतो. वडील मस्कतमध्ये एका कंपनीत अकाउंटंट, आई त्यांच्याबरोबर रुवीच्या फ्लॅटमध्ये, आणि मी हॉस्टेलवर. आमच्या कॉलेजची त्या वर्षी युरोपची अभ्यास सहल ठरली. तीन आठवडे, सात शहरं, प्रत्येकाने वीस स्केचेस जागेवर बसून काढायची. सहलीआधी मी आईवडिलांकडे गेलो, तेव्हा व्हिसाच्या कसल्याशा शिक्क्यासाठी माझा पासपोर्ट वडिलांच्या कंपनीत जमा झाला. तिथे सरकारी कागदपत्रं सांभाळायला एक मंदूब होता. भला माणूस. त्याने पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवला, लॉकरची किल्ली दिशदाशाच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या, खिशात ठेवली आणि ईदसाठी डोंगरापलीकडे आपल्या गावी निघून गेला. वडील रोज फोन करायचे, पलीकडून रोज उत्तर यायचं, 'बुकरा, इन्शाल्ला.' उद्या, देवाची इच्छा असेल तर. देवाची इच्छा बावीस दिवसांनी झाली. तोवर माझा वर्ग रोममध्ये पोचून पिझ्झाला नावं ठेवत होता, आणि मी रुवीच्या बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगचे एसी मोजत होतो. एकशे चार होते.

पुण्याला परतलो तर आमचे प्राचार्य म्हणाले, पासपोर्ट अडकला ही सबब ठीक आहे, पण वीस स्केचेस मात्र लागतील. मग मी रूममेटकडून त्याच्या सहलीच्या स्लाइड्स घेतल्या. कॉलेजच्या अंधाऱ्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा, भिंतीवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, त्यावर रोम पाडायचं आणि पेनाने गिरवायचं. चार दुपारींत अख्खा युरोप उरकला. ज्यांनी खरोखर फुटपाथवर बसून, पार्श्वभाग गारठवून चित्रं काढली होती त्यांच्यापेक्षा माझी चित्रं सुबक आली. साहजिकच आहे. माझ्या चित्रांना पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्याने लावून दिलं होतं.

त्यातलं सगळ्यात देखणं चित्र होतं इटलीतल्या एका छोट्या गावच्या चौकाचं. फ्लॉरेन्सहून बसने तासभर. मधे विहीर, समोर चर्च, चर्चला रुंद पायऱ्या, आणि चर्चच्या डाव्या अंगाला घंटेचा उंच मनोरा. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही.

पास झालो, दोन वर्षं पुण्यात एका ऑफिसात संडास-बाथरूमचे नकाशे काढले, आणि मग मस्कतच्या एका खाजगी कॉलेजात मुलाखतीला बसलो. तिथल्या डीनने माझी फाइल चाळली. जॉर्डनचे गृहस्थ, सूट घालणारे, घाई नसणारे. चौकाच्या चित्रापाशी ते थांबले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'म्हणजे तुम्ही युरोप हिंडलेला आहात?'

मी म्हणालो, 'येस.'

बस. एवढंच. नोकरी लागली. चौकाचं चित्र त्यांनी हौसेने फ्रेम करून स्टुडिओच्या भिंतीवर लावलं आणि पुढे कॉलेजच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापलं. वर्षभरात मी 'युरोपवाले सर' झालो. मग व्हायलाच लागलं. रूममेटचं पाकीट रोममध्ये मारलं गेलं होतं, तो किस्सा मी माझ्या पाकिटावर घेतला. व्हेनिसच्या पाण्याचा वास कसा येतो हे मी वर्गात इतकं रंगवून सांगायचो की पुढे मला तो खरंच येऊ लागला. लग्न झाल्यावर बायकोलाही तेच सांगितलं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नवरा काय सांगतो? मी पॅरिसच्या पुलांबद्दल सांगितलं. ती बिचारी पुण्याची, हुशार, पण नवी होती. पुढे जुनी झाल्यावर म्हणायची, 'पॅरिसमध्ये एकटा हिंडलास म्हणतोस, आणि मवालेहच्या भाजी मार्केटला जाताना दर वेळी एक्झिट चुकतोस.' मी गप्प. गप्प बसणं मला छान जमतं. माझा स्वभाव अबोल आहे असं लोक म्हणतात. अबोल माणसाचं फावतं ते असं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी डीननी जाहीर केलं की आपल्याही मुलांची युरोप सहल काढायची. नेणार कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

अकरा मुलं निघाली. काही आपली, काही ओमानी, एक-दोन पाकिस्तानी. आपसात सगळी इंग्रजी बोलणारी. त्यांत एक मुलगी होती रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातली. मवालेहच्या मार्केटात तिच्या वडिलांचा फळांचा गाळा होता. वर्गात ती इतरांसारखंच इंग्रजी बोलायची, पण मी एकटा सापडलो की घरचं कोकणी वळणाचं मराठी काढायची. मला बरं वाटायचं. आमच्या पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांच्या मुलांना मराठीत 'कसा आहेस' विचारलं तरी ती आईकडे बघायची.

मुलीला तीन आठवडे परदेशी पाठवायचं म्हटल्यावर तिच्या नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली होती म्हणे. वडिलांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: सर बरोबर आहेत. विमानतळावर ते खजुराची पेटी घेऊन आले, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, 'पोर हुशार हाय, पण सरळ हाय. लक्ष ठेवा, सर.' मी म्हणालो, काळजी करू नका.

निघण्याआधी मी प्रत्येकाला एक पुस्तिका दिली होती. माझ्याच वीस स्केचेसच्या झेरॉक्स, प्रत्येकीखाली 'येथे काय पाहावे' अशा दोन ओळी. आता विचार केला तर अंगावर काटा येतो, पण तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सहलीबद्दल मी फार सांगणार नाही. युरोप म्हणजे पुष्कळ दगड. ते एकावर एक नीट ठेवलेले असतात आणि बघायला रांग असते. माझी खरी सहल रोज सकाळी हॉटेलच्या संडासात व्हायची. आत बसून मी गाइडबुकातली त्या दिवशीची पानं घोकायचो, चाळीस-चाळीस मिनिटं. मुलांना वाटलं सरांचं पोट बिघडलंय. एका मुलीच्या आईने दिलेला ओवा तिसऱ्या दिवसापासून माझ्या नाश्त्याच्या ताटलीत येऊ लागला. मी तो खाल्ला. रोममध्ये पुरातन चौकातले मोडके खांब बघून एका ओमानी मुलाने मला विचारलं, 'सर, हे पडलंय की अजून बांधतायत?' त्याचा जन्म मस्कतचा, बांधकाम नसलेली जागा त्याने पाहिलेलीच नव्हती. त्या प्रश्नाचं उत्तर गाइडबुकात नव्हतं, म्हणून अख्ख्या सहलीत मी मनापासून हसलो ते तेव्हाच.

पाकीट मात्र कुणी मारलं नाही. रोममध्ये मी दोन दिवस खिशावर हात ठेवून फिरलो. चोरांनी निराशा केली.

मग ते गाव आलं. बसमधून उतरलो आणि मी मोठ्या रुबाबात पुढे झालो, कारण याच्याइतकी ओळखीची जागा मला अख्ख्या युरोपात नव्हती. सात वर्षं ती भिंतीवर रोज बघत होतो. बोळातून चालताना मागे वळून म्हणालो, आता आपण चौकात शिरू, समोर चर्च, आणि डावीकडे मान वर करा.

सगळ्यांनी डावीकडे मान वर केली. तिथे एक औषधांचं दुकान होतं.

मनोरा उजवीकडे होता.

विहीर होती, पायऱ्या होत्या, चर्च होतं, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त जसं आरशात बघावं तसं. दोन मिनिटं मला कळेना. मग कळलं. रूममेटने स्लाइड चौकटीत उलटी बसवली होती. ज्यांनी स्लाइड्स लावल्यात त्यांना माहीत असेल, पारदर्शक फिल्म, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. उलटी घातली की डावं उजवीकडे जातं आणि चित्र तेवढंच सुंदर दिसतं. पुण्याच्या त्या हॉलमध्ये मी उलटा चौक गिरवला होता. मग मस्कतमध्ये तो सात वर्षं शिकवला.

मुलांच्या लक्षात आलं नाही. मुलांच्या लक्षात काय येणार? चौकाच्या कोपऱ्यावर आइस्क्रीमचं दुकान होतं. मी म्हणालो, दोन तास आहेत, प्रत्येकाने एक स्केच, यल्ला, चला. दहा जण दुकानाच्या दिशेने गेले. ती एकटी विहिरीच्या कठड्याजवळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि काढायला लागली. मांडीवर वही, बाजूला माझी पुस्तिका. मी लांबून बघत होतो. ती वर बघायची, वहीत बघायची, मग पुस्तिकेत बघायची. थोड्या वेळाने तिने पुस्तिका उचलून उन्हासमोर धरली आणि उलट बाजूने बघितली.

मग तिने मला हाक मारली.

'सर, तुम्ही कुठं बसून काढलात ओ हे?'

मी म्हणालो, पलीकडच्या बाजूने.

'पलीकडनं कसं? तिथनं चर्चची पाठ दिसंल. तुमच्या चित्रात दार दिसतंय.'

बोलताना तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. मी आणखी एखादी सबब काढू शकलो असतो, दुरुस्ती झाली, जुना मनोरा पडला, नवा बांधला. पण आठ दिवस संडासात घोकून माझी ताकद संपली होती. मी तिच्या शेजारी दगडावर बसलो आणि सगळं सांगितलं. मंदूब, किल्ली, स्लाइड, 'येस'. डीनना, बायकोला, कुणाला जे सांगितलं नव्हतं ते एका एकवीस वर्षांच्या मुलीला सांगितलं, कारण तिने सरळ प्रश्न विचारला होता. बोलून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच घाबरलो. म्हणालो, हे कॉलेजात कळलं तर माझं अवघड होईल. तू कुणाला...

'माझ्या तोंडातून नाय यायचं, सर,' ती म्हणाली. मग पेन्सिल उचलून, 'पण माझ्या चित्रात मी मनोरा उजवीकडंच काढनार. हाय तिथं.'

मी म्हणालो, काढ की. त्यात काय.

त्यात काय, ते दीड महिन्याने कळलं.

आमच्याकडे सत्राच्या शेवटी ज्युरी असते. मुलं आपापली शीट्स भिंतीवर लावतात, बाहेरून एक परीक्षक बोलावतात, आणि मग दिवसभर सगळ्यांच्या चुका मोठ्याने वाचल्या जातात. त्या वर्षीचे परीक्षक मस्कतमधल्या एका मोठ्या ऑफिसचे लेबनीज आर्किटेक्ट होते. सहलीचं उत्तम काम ज्याचं असेल त्याला ते उन्हाळ्यात आपल्या ऑफिसात शिकायला घेणार होते. ती जागा तिचीच हे स्टुडिओतल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. तिचा हात तसा होता.

शीट्स लागली. भिंतीवर त्या चौकाची अकरा चित्रं, आणि वर मधोमध माझी फ्रेम. अकरापैकी दहा चित्रांत मनोरा डावीकडे.

मी ते बघितलं आणि समजलो. त्या दुपारी दहा जणांनी आइस्क्रीम खाल्लं होतं, बहुधा दोनदा, आणि चित्र हॉटेलात बसून माझ्या झेरॉक्सवरून उतरवलं होतं. प्रत्यक्ष त्या चौकात दोन तास घालवून दहाच्या दहा जणांना मनोरा कुठल्या बाजूला आहे ते दिसलं नव्हतं. एकाने तर मूळ चित्रातला माझ्या पेनातून सांडलेला शाईचा ठिपकासुद्धा कावळा समजून काढला होता. माझेच विद्यार्थी. मला रागही येईना.

परीक्षक येरझाऱ्या घालत होते, ते थांबले. तिच्या चित्राकडे बोट करून म्हणाले, हिने मनोरा उजवीकडे काढलाय. बाकी सगळ्यांनी डावीकडे. मग त्यांनी तिला विचारलं, हे तू जागेवर काढलंस?

ती हो म्हणाली.

'की फोटोवरून? फोटो उलटा छापला गेला की असं होतं. आमच्या वेळी स्लाइड्समध्ये नेहमी व्हायचं.' माणूस अनुभवी होता. त्याने गुन्हा अगदी बरोबर ओळखला होता, फक्त गुन्हेगार चुकला होता. मग ते माझ्याकडे वळले. तुम्ही तर दोनदा जाऊन आलात. मनोरा कुठे आहे?

खोलीत डीन होते, दोन सहकारी होते, ते दहा जण होते. दहा जण बुटांकडे बघत होते. त्यांना आपापली काळजी होती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, विनवणीनेही नाही. लाल सिग्नलला उभा राहिलेला माणूस जसा शांतपणे समोर बघतो तशी. तिला खात्री होती की आता हिरवा होणार.

मी म्हणालो, 'लेफ्ट.'

परीक्षकांनी मान हलवली. डीननी आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी ते वाचलं: जागेवर न काढता फोटोवरून उतरवलेलं काम, विषय पुन्हा करावा. ती एक शब्द बोलली नाही. तिने शब्द दिला होता ना. तिने शीट काढलं, टाचण्या एकेक करून डबीत ठेवल्या, डबी बंद केली. ऑफिसातली जागा त्या कावळावाल्या मुलाला मिळाली.

पुढच्या सत्रात तिला तो विषय परत करावा लागला. पुन्हा युरोप कुठला, म्हणून तिला ओमानमधल्याच इब्रा गावच्या जुन्या मातीच्या घरांचा अभ्यास दिला. दर शुक्रवारी तिचे वडील सकाळी पिकअपमधून तिला तिकडे घेऊन जायचे आणि ती चित्र काढेपर्यंत एखाद्या भिंतीच्या सावलीत बसून राहायचे. शुक्रवार म्हणजे त्यांची एकच सुट्टी. चित्रं आणून ती माझ्या टेबलावर ठेवायची. मला तपासावी लागायची. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात ती आता तारीख, वेळ आणि सावली कुठल्या बाजूला पडलीय ते लिहायला लागली होती. पूर्वी लिहीत नसे.

मी मवालेहच्या मार्केटला जाणं सोडलं. बायको विचारायची, सुपरमार्केटातली कोथिंबीर काय सोन्याची आहे का, उठून मार्केटला का जात नाहीस. मी म्हणायचो पार्किंग मिळत नाही. शेवटी एका गुरुवारी तिने जबरदस्तीने नेलं, आणि ज्या गल्लीत जायचं नव्हतं त्याच गल्लीत नेलं, कारण तिथे हापूस आला होता.

त्या मुलीच्या वडिलांनी मला लांबूनच बघितलं. गाळ्याबाहेर आले, हात पुसून हात मिळवला, बायकोला बसायला खोकं पालथं घालून दिलं. आंबे स्वतः निवडून दिले. मग मला थोडं बाजूला घेतलं.

'सर, एक विचारू? पोरीनं फोटू बघून काढलान, असा कागद आला. मी विचारलं तिला. ती म्हनते, मी जागेवर काढलंय. पुढं काय विचारलं तर गप. घरात कधी खोटं बोलली नाय ओ ती. पन तुम्ही बोललात म्हंजे तसंच असंल. तुम्ही काय उगाच बोलनार नाय.' त्यांनी पिशवीत आणखी एक आंबा टाकला. 'मी तिला म्हटलं, सरांचा शब्द हाय, तू माफी माग. नाय मागितलान. तेवढं मनावर घेऊ नका. लहान हाय.'

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक आंब्यांबद्दल काहीतरी.

घरी परत न जाता मी गाडी अमेरातच्या रस्त्याला लावली. तेव्हा तिकडे काळ्या डोंगरांशिवाय फारसं काही नव्हतं. बायको विचारत होती कुठे चाललोय. एका वळणावर गाडी बाजूला घेऊन मी तिला सांगितलं. सगळं, मंदूबपासून 'लेफ्ट'पर्यंत. मागच्या सीटवर आंब्यांचा वास सुटला होता.

किल्ली आणि ईदपर्यंत ती हसत होती. ओव्यापाशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग चौक आला, आणि ती हसायची थांबली. तिने खिडकीची काच खाली केली. मला वाटलं आता पॅरिसच्या पुलांचं निघणार.

'पुलांचं जाऊ दे,' ती म्हणाली. 'ती थाप होती तरी तू छान सांगायचास. पण त्या माणसाने आज आपल्याला पैसे घेऊ दिले नाहीत, लक्षात आलं का तुझ्या? तू त्याच्या मुलीला खोटारडी ठरवलंस आणि वर त्याचे आंबे खाणार आहेस?'

आंबे आम्ही खाल्ले. नासू देणं हा काही पश्चात्ताप नव्हे. पण गोड लागले असं म्हणणार नाही.

दोन दिवसांनी मी त्या मुलीला ऑफिसात बोलावलं. दार उघडं ठेवलं. म्हणालो, मी तुझ्यावर अन्याय केला, मी घाबरलो, तू शब्द पाळलास आणि मी त्याचाच फायदा घेतला. भाषण तयार केलं होतं, बऱ्यापैकी झालं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं.

'हे मला ठाऊक हाय, सर,' ती म्हणाली. 'ज्यांना ठाऊक नाय त्यांना सांगा.'

आणि इब्राचं नवीन शीट माझ्या टेबलावर ठेवून गेली. कोपऱ्यात लिहिलं होतं: सकाळी साडेआठ, सावली पश्चिमेला.

तुम्हाला वाटेल मी त्याच दिवशी डीनकडे गेलो. नाही गेलो. चार महिने गेलो नाही. रोज उद्या म्हणायचो. बुकरा, इन्शाल्ला. त्या मंदूबला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, आणि दुसऱ्याची सुटका खिशात घालून ईद साजरी करण्यात मी त्याच्या वरताण निघालो. त्याला निदान ठाऊक नव्हतं.

अंतिम वर्षाची ज्युरी आली. तीच खोली, तेच लेबनीज परीक्षक, डीन, ते दहा जण. तिचा नंबर पाचवा होता. विषय इब्रा. तिने शीट्स लावली आणि बोलायला उभी राहिली, तेव्हा मी म्हणालो, एक मिनिट. खुर्चीवर चढलो. चढताना खुर्ची करकरली, कुणीतरी फिसकन हसलं. भिंतीवरची माझी फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले, आतला ट्रेसिंग पेपर बाहेर काढला. फ्रेमच्या आत आठ वर्षांत पिवळा पडला होता. तो मी उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला. बाहेरच्या उन्हात चौक लख्ख दिसला. चर्च, पायऱ्या, विहीर. मनोरा उजवीकडे. माझी सही तेवढी उलटी.

मी म्हणालो, हा चौक असा आहे. हिने बरोबर काढला होता, जागेवर बसून, मी बघितलं होतं. उलट्या स्लाइडवरून गिरवलेलं चित्र माझं आहे. हे मी काढलं तेव्हा मी युरोप पाहिलेला नव्हता. मागच्या ज्युरीत मी खोटं बोललो.

मग परीक्षक सावकाश त्या दहा जणांकडे वळले आणि विचारलं, आणि तुम्ही दहा जण त्या चौकात नक्की कुठे उभे होतात?

नऊ जणांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी कावळावाला मुलगा म्हणाला, 'सरांच्या मागे, सर.'

याहून खरं उत्तर त्या खोलीत कधी कुणी दिलं नसेल.

परिणामांचं सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. माझी नोकरी गेली नाही. डीन नंतर म्हणाले, झालं ते खलास, पण माहितीपत्रक पाच हजार छापून आलंय, आता मुखपृष्ठ बदलता येणार नाही. तिच्या नावापुढचा शेरा त्यांनी माझ्यासमोर खोडला आणि तसं पत्र तिच्या घरी पाठवलं. ऑफिसातला तो उन्हाळा मात्र परत मिळाला नाही. तो उन्हाळा संपला होता. तिच्या वडिलांकडे मी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, हात मिळवला, खोकं पालथं घातलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याकडून पुरे पैसे घेतात. मी देतो, आणि तिथेच घेतो. मुलं मला पुढे बरीच वर्षं 'स्लाइड सर' म्हणायची. समोर नाही, पण ऐकू येईल इतपत.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी खिडकीशी कागद धरून उभा होतो, आणि आता काय करायचं ते मला कळत नव्हतं. मला वाटतं मी तिच्याकडे बघितलं, काहीतरी मिळेल म्हणून. एखादी मान डोलावली असती तरी मला पुरलं असतं.

ती आपल्या शीट्सपाशी उभी होती, हातात काठी, पहिल्या चित्रावर टेकवलेली. माझ्यामुळे खिडकीतला उजेड अडला होता आणि तिच्या शीटवर माझी सावली पडली होती. ती म्हणाली,

'सर, जरा बाजूला होता? मी सुरू करते.'

मी बाजूला झालो.